तरुण ग्रहीय तेजोमेघाचा स्पेक्ट्रल इंडेक्स २.३५? यूजीएमआरटीच्या फ्लक्समध्ये गडबड कुठे?

अभ्रिका_२४

नमस्कार मंडळी. गॅलेक्टिक प्लेनमधल्या (आकाशगंगेच्या पट्ट्यातल्या) एका लहानशा ग्रहीय तेजोमेघाचा (मरणाऱ्या ताऱ्याने फेकलेल्या तापलेल्या वायूच्या कवचाचा) रेडिओ स्पेक्ट्रम जुळवतेय. नाव सध्या राहू द्या, डेक्लिनेशन साधारण उणे १० अंश. व्हीएलएच्या (अमेरिकेतल्या रेडिओ दुर्बिणींच्या) ५ गिगाहर्ट्झच्या प्रतिमेत व्यास ३ आर्कसेकंद आणि एकूण फ्लक्स (आपल्यापर्यंत पोचणारी रेडिओ ऊर्जा) ४०० मिलीजान्स्की आहे. यूजीएमआरटीचा (नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणींचा) डेटा आर्काइव्हमधून घेतला, बँड ३, ४ आणि ५ अशा तिन्हींचा. कासा या सॉफ्टवेअरमध्ये कॅलिब्रेट केल्यावर हे आकडे मिळाले: १२६० मेगाहर्ट्झला (बँड ५) ६८ मिलीजान्स्की, ६५० ला (बँड ४) १५, ४०० ला (बँड ३) ४.६.

आता ४०० ते १२६० मधला स्पेक्ट्रल इंडेक्स (फ्लक्स वारंवारतेच्या कितव्या घाताने बदलतो तो आकडा) काढला तर २.३५ येतो. फ्री-फ्री उत्सर्जन (तापलेल्या वायूतल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांचं) पूर्ण अपारदर्शक झालं तरी इंडेक्स २ च्या वर जाऊ नये ना? सेल्फ-कॅलिब्रेशन (स्रोताच्याच प्रतिमेवरून दुर्बिणींची दुरुस्ती) बदलून पाहिलं, मास्क बदलला, आकडे फार हलत नाहीत. प्रतिमा स्वच्छ आहे, बँड ३ मध्येही स्रोत ठसठशीत दिसतो.

दुसरं असं की हाच डेटा पुन्हा पाच वर्षांनी घेतला तर तेजोमेघाचं प्रसरण फ्लक्सच्या वाढीतून मोजता येईल का? प्रपोजलमध्ये तसं लिहायचा विचार आहे.

नारायणगाव फाटा

इंडेक्स २.३५ म्हणजे तेजोमेघात काही नवं भौतिकशास्त्र सापडलं असं नाही. फ्लक्सची पट्टी वारंवारतेनुसार घसरतेय. खालच्या बँडला जास्त, वरच्या बँडला कमी. त्यावरून दोषी कोण याचा अंदाज येतो, पण आधी अपेक्षा काय ठेवायची ते पाहू.

एकसारख्या चकतीसाठी हे सूत्र कागदावर लिहून ठेवा: ब्राइटनेस टेंपरेचर (केल्विन) = १७६४ × फ्लक्स (मिलीजान्स्की) ÷ (वारंवारतेचा वर्ग, गिगाहर्ट्झमध्ये × व्यासाचा वर्ग, आर्कसेकंदात). तुमच्या ५ गिगाहर्ट्झच्या आकड्यांवरून ३१०० केल्विन येतं. इलेक्ट्रॉन तापमान १०,००० केल्विन धरलं तर तिथे ऑप्टिकल डेप्थ (अपारदर्शकतेचं माप, १ च्या बरंच वर गेलं की स्रोत अपारदर्शक) ०.३८. ती वारंवारतेच्या उणे २.१ घाताने बदलते, म्हणजे १ व्हायला ३.१ गिगाहर्ट्झपर्यंत खाली यावं लागेल. एमिशन मेजर (घनतेचा वर्ग गुणिले वायूची जाडी) निघतो ३.४ × १०^७ पार्सेक प्रति सेमी^६. अंतर २ किलोपार्सेक धरलं तर घनता ३०,००० प्रति घनसेंटिमीटरच्या पुढे जाते. तरुण तेजोमेघाला शोभेल असाच आकडा आहे, त्यामुळे मूळ प्रतिमेवर शंका घ्यायचं कारण नाही.

१२६० मेगाहर्ट्झला ऑप्टिकल डेप्थ ७ च्या आसपास. म्हणजे यूजीएमआरटीच्या तिन्ही बँडमध्ये हा स्रोत ठार अपारदर्शक आहे. तिथे फ्लक्स घनतेवर अवलंबून नसतो, फक्त तापमान आणि आकार यांवर असतो. १०,००० केल्विन आणि ३ आर्कसेकंद घेतले तर १२६० ला ८१, ६५० ला २१.६ आणि ४०० ला ८.२ मिलीजान्स्की यायला हवेत. तुमचे आकडे याच्या ८४, ६९ आणि ५६ टक्के आहेत. तेच आकडे तापमानात बदलले तर ८४००, ७०००, ५६०० केल्विन. एकाच वायूची तीन तापमानं!

आता दोषी. फ्लक्स कॅलिब्रेटर, म्हणजे ज्यांचा फ्लक्स आधीच ठाऊक आहे ते स्रोत (३सी २८६ किंवा ३सी ४८), प्लेनपासून लांब असतात. तिथलं आकाश थंड. तुमचं लक्ष्य प्लेनमध्ये, तिथे आकाशाचंच तापमान शेकडो केल्विन, आणि ते साधारण वारंवारतेच्या उणे २.५५ घाताने वाढत जातं. रिसीव्हरच्या साखळीत ऑटोमॅटिक लेव्हल कंट्रोल चालू असेल, तर प्लेनकडे वळल्यावर वाढलेली पॉवर दाबून ती पुन्हा ठरावीक पातळीवर आणली जाते. गेन कमी झाला, पण कॅलिब्रेशनला त्याचा पत्ताच नाही. तुमचा स्रोत तेवढ्या प्रमाणात फिका पडतो.

दुरुस्तीचा गुणक: (लक्ष्याकडचं आकाश + उरलेलं सिस्टीम तापमान) ÷ (कॅलिब्रेटरकडचं आकाश + तेच उरलेलं). इथे कॅलिब्रेटर म्हणजे ज्याच्यावरून लक्ष्याला गेन दिला तो, बहुधा तुमचा फेज कॅलिब्रेटर (निरीक्षणात अधूनमधून पाहिलेला, लक्ष्याजवळचा स्रोत). आकाशाचं तापमान हस्लमच्या ४०८ मेगाहर्ट्झ नकाशातून घ्या. नमुन्यादाखल: ४०८ ला लक्ष्याकडे २१० केल्विन, फेज कॅलिब्रेटरकडे १०० केल्विन. उरलेलं तापमान बँड ३ ला ७०, बँड ४ ला ९५, बँड ५ ला ७० धरतो (तुमच्या निरीक्षणाच्या काळातले नेमके आकडे वेधशाळेच्या तांत्रिक तक्त्यातून घ्या, माझे तोंडी हिशेबापुरते आहेत). गुणक येतात १.६५, १.२७ आणि १.०८. मग फ्लक्स होतात ७.६, १९ आणि ७३.५ मिलीजान्स्की. इंडेक्स १.९८. तापमान तिन्ही बँडला ८८०० ते ९३०० केल्विनच्या दरम्यान.

अर्थात माझे २१० आणि १०० हे अंदाजाचे आहेत, ते नेमके बसले म्हणून हुरळून जाऊ नका. तुमच्या दोन्ही दिशांचे खरे आकडे नकाशातून काढा. हस्लम नकाशाचा बीम (त्यात उकलणारा सर्वात लहान तपशील) जवळपास एक अंशाचा आहे. बँड ३ च्या प्रायमरी बीमशी (दुर्बिणीला एका वेळी दिसणाऱ्या आकाशाच्या तुकड्याशी) तो मिळताजुळता आहे, पण बँड ५ चा प्रायमरी बीम त्याच्या निम्म्याहून लहान, आणि प्लेनमध्ये आकाश तेवढ्यात बदलतं.

घनचक्कर

वरचा निदानाचा भाग पटला. पण गुणक लावण्याआधी लेव्हल कंट्रोल खरंच चालू होता की नाही हे तपासायलाच हवं. नसेल आणि तरी गुणक लावलात तर उलट्या बाजूने चुकाल, आणि ती चूक पकडायला कठीण, कारण स्रोत जास्त उजळ दिसला की कुणी तक्रार करत नाही.

पहिला उपाय सोपा आहे: ऑब्झर्व्हिंग लॉग. तिथे नोंद नसेल तर कच्च्या डेटालाच विचारा. कॅलिब्रेट न केलेल्या व्हिजिबिलिटी (दुर्बिणींच्या जोड्यांनी नोंदवलेली कच्ची मोजमापं) घ्या, आरएफआय (मानवनिर्मित रेडिओ गोंगाट) नसलेला एखादा चॅनलचा पट्टा निवडा, लांब बेसलाइन (दूरदूरच्या दुर्बिणींच्या जोड्या) निवडा. फेज कॅलिब्रेटरवर आणि लक्ष्यावर रिअल आणि इमॅजिनरी भागांचा विखुरलेपणा मोजा, पण लागोपाठच्या नोंदींच्या फरकावरून, म्हणजे कॅलिब्रेटरचा स्वतःचा सिग्नल वजा होतो. लेव्हल कंट्रोल बंद असेल तर लक्ष्यावरचा विखुरलेपणा सिस्टीम तापमानाच्या गुणोत्तरात वाढलेला दिसेल, बँड ३ मध्ये दीडपट वगैरे. दोन्हीकडे सारखाच असेल तर पातळी कुणीतरी धरून ठेवलीय.

दुसरा उपाय जास्त भरवशाचा: शेजाऱ्यांना विचारा. त्याच प्रतिमेत प्रायमरी बीम दुरुस्तीनंतर, अर्ध्या पॉवरच्या आतले १५-२० बिंदुवत स्रोत निवडा. बहुतेक आकाशगंगेच्या पलीकडचे असतात. त्यांचे फ्लक्स टीजीएसएस (१५० मेगाहर्ट्झ), रॅक्स (८८७.५ मेगाहर्ट्झ) आणि एनव्हीएसएस (१.४ गिगाहर्ट्झ) या आकाश सर्वेक्षणांमधून घेऊन तुमच्या वारंवारतेला आणा. गुणोत्तरांचा मीडियन काढा, सरासरी नको. एखादा बदलता स्रोत सरासरीची वाट लावतो. टीजीएसएसची पट्टी आकाशात जागोजागी थोडी हलते हे ध्यानात असू द्या, म्हणून फक्त तिच्यावर विसंबू नका. हा मीडियन आणि वरच्या सूत्रातला गुणक १० टक्क्यांत जुळले तर विषय मिटला.

तुमचा तेजोमेघ स्वतः एनव्हीएसएसमध्ये असणारच. तिथे तो ९० मिलीजान्स्कीच्या आसपास दिसायला हवा. बघितलंत का?

आता बाकीच्या जागा, जिथे असा स्रोत हमखास फसवतो.

आकार. ३ आर्कसेकंद हा आकडा कुठून आला? प्रतिमेवर गाउसियन (घंटेच्या आकाराचा वक्र) बसवून आणि बीमचा परिणाम काढून (डिकन्व्हॉल्व्ह) आलेली रुंदी असेल, तर चकतीचा व्यास त्याच्या दीड ते पावणेदोन पट असतो. तापमान व्यासाच्या वर्गाने भागलं जातं, म्हणजे एवढ्या एका गैरसमजात तापमान अडीच-तीन पट चुकतं. कडा ठळक दिसत असेल तर कॉन्टूरवरून मोजा, नाहीतर व्हिजिबिलिटीवर थेट चकतीचं किंवा कवचाचं मॉडेल बसवा. नीट मोजलं तरी व्यासातली १० टक्के चूक तापमानात २० टक्के होते.

पीक की इंटिग्रेटेड. बँड ३ च्या प्रतिमेचा बीम (उकलणारा सर्वात लहान तपशील, प्रायमरी बीम नव्हे) ८ आर्कसेकंदांच्या घरात, बँड ४ चा चार-पाच, बँड ५ चा दोन-अडीच. तुमच्या डेक्लिनेशनला बीम उत्तर-दक्षिण ताणला जातो. बँड ५ मध्ये स्रोत थोडा उकलतो, तिथे इंटिग्रेटेड फ्लक्सच घ्या. खालच्या दोन्ही बँडमध्ये पीक आणि इंटिग्रेटेड सारखे यायला हवेत. फरक १० टक्क्यांहून जास्त असेल तर फेज अजून डगमगतेय, किंवा शेजारी दुसरा काही स्रोत बीममध्ये शिरलाय. व्हीएलएएसएस या व्हीएलएच्या सर्वेक्षणाची २.५ आर्कसेकंदांची प्रतिमा शेजारी ठेवून पाहा.

अँप्लिट्यूड सेल्फ-कॅलिब्रेशन. फेजच्या तीन-चार फेऱ्या, सोल्यूशन इंटरव्हल हळूहळू मिनिटापर्यंत आणत. मग लागलीच तर अँप्लिट्यूडची एकच फेरी, लांब इंटरव्हलने आणि सोल्यूशन नॉर्मलाइझ करून. प्लेनमधलं पसरट उत्सर्जन मॉडेलमध्ये आलेलं नसतं आणि लहान बेसलाइन ते पाहत असतात. सोल्व्हर मग गेन वाकवून ते तुमच्या मॉडेलात कोंबतो आणि बारीक स्रोतांचा फ्लक्स खातो. गेन सोडवताना १ किलोलॅम्डाखालच्या (हजार तरंगलांबींहून लहान) बेसलाइन वगळा. ३ आर्कसेकंदांच्या स्रोताचा त्यात काहीच तोटा नाही. फेरीच्या आधी आणि नंतर शेजारच्या दहा स्रोतांचे फ्लक्स ताडून पाहा. २ टक्क्यांपेक्षा जास्त हलले तर ती फेरी रद्द.

आरएफआयबद्दल थोडक्यात: बँड ३ मध्ये ३६० ते ३८० मेगाहर्ट्झ उपग्रहांनी भरलेलं, बँड ४ मध्ये ५५० ते ७५० एवढंच धरा, बँड ५ मध्ये ११७६ आणि १२२७ च्या आसपास नेव्हिगेशनचे उपग्रह. फ्लॅगिंगनंतर बँडची खरी मध्यवर्ती वारंवारता सरकते. अपारदर्शक स्रोताचा फ्लक्स वारंवारतेच्या वर्गाने जातो, तेव्हा ४०० ऐवजी खरी ४१५ असेल तर साडेसात टक्के तिथेच गेले. प्रतिमा बनवताना एमटीएमएफएस पद्धतीत दोन टर्म ठेवा आणि संदर्भ वारंवारता स्वतः लिहून द्या.

अभ्रिका_२४

दोघांचेही आभार. विखुरलेपणा मोजला, लक्ष्य आणि फेज कॅलिब्रेटर दोन्हीकडे बँड ३ मध्ये जवळपास सारखाच. शेजारच्या स्रोतांचा मीडियन: बँड ३ ला तुमच्या १.६५ च्या जागी १.६, बँड ४ ला १.२५. एनव्हीएसएसमध्ये ८८ मिलीजान्स्की आहे. व्यास कॉन्टूरवरून मोजलेला आहे, गाउसियन नाही, सुटले.

पण मग पूर्ण अपारदर्शक बँडमधून नवीन काय कळणार? फक्त तापमान? आणि प्रसरणाचं राहिलंच.

नारायणगाव फाटा

फक्त तापमान म्हणून नाक मुरडू नका. धुळीमागे लपलेल्या तेजोमेघाचं तापमान ऑप्टिकल रेषांवरून काढताना लाली दुरुस्तीची (धुळीने गिळलेला प्रकाश भरून काढण्याची) कटकट असते, इथे ती नाही.

शिवाय खालचे बँड बाहेरच्या विरळ थराला संवेदनशील असतात. आतलं कवच सगळीकडे सारखंच अपारदर्शक, पण बाहेर एमिशन मेजर १० लाखांचा पातळ थर असेल तर तो ५९० मेगाहर्ट्झखाली अपारदर्शक होतो आणि व्यास वाढल्यासारखा दिसतो. ५ गिगाहर्ट्झच्या प्रतिमेत त्याची ऑप्टिकल डेप्थ टक्क्याच्या आसपासच, सहज नजरेतून सुटतो. म्हणजे दुरुस्तीनंतर बँड ३ चा फ्लक्स दोनच्या नियमापेक्षा *जास्त* निघाला तर कान टवकारा. घनता बाहेरच्या दिशेने अंतराच्या वर्गाने घटणारा वारा असेल तर इंडेक्स ०.६ आणि दिसणारा आकार वारंवारतेच्या उणे ०.७ घाताने बदलतो. तरुण तेजोमेघांत बरेचदा या दोन टोकांच्या मधलं काहीतरी असतं.

मात्र आकड्यांत किती चूक असू शकते ते आधी मांडा. प्रत्येक फ्लक्सवर १० टक्के धरले तर ४०० ते १२६० मधल्या इंडेक्सवर ०.१२ ची चूक येते. फक्त ४०० आणि ६५० घेतले तर ०.२९. नुसत्या बँड ३ आणि ४ वरून इंडेक्स १.८ की २ यावर वाद घालणं व्यर्थ. बँड ५ सोडू नका.

वेळेच्या बाबतीत, ७ मिलीजान्स्कीच्या स्रोताला बँड ३ मध्येही अर्धा-पाऊण तास पुरे. पण सलग घेण्यापेक्षा दोन-तीन तुकडे वेगवेगळ्या अवर अँगलला मागा, यूव्ही कव्हरेज (बेसलाइनच्या लांबी-दिशांची विविधता) सुधारतं आणि प्लेनमधल्या साइडलोबचा (तेजस्वी स्रोतांभोवती उमटणाऱ्या खोट्या आकृत्यांचा) त्रास कमी होतो. फेज कॅलिब्रेटर शक्यतो प्लेनजवळचाच निवडा, म्हणजे वरचा गुणक मुळातच १ च्या जवळ राहील. सिग्नस भागातले तेजोमेघ (एनजीसी ७०२७, बीडी +३० ३६३९) यादीत घालणार असाल तर सिग्नस ए हा प्रखर रेडिओ स्रोत अकरा ते तेरा अंशांवर बसलाय हे विसरू नका. ४०० मेगाहर्ट्झला तो हजारो जान्स्कींचा आहे आणि लांबच्या साइडलोबमधूनही प्रतिमेवर रेघोट्या ओढतो.

दशांश

प्रसरणाचं उत्तर देतो. यूजीएमआरटीने पाच वर्षांत फ्लक्सवरून? नाही. प्रपोजलमधून ते वाक्य काढा, समीक्षक पहिलं तेच पकडेल.

एनजीसी ७०२७ घ्या. व्हीएलएवर कॅलिब्रेशनच्या निमित्ताने त्याची २५ वर्षं मोजमापं होत होती. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात अपारदर्शक वारंवारतांना फ्लक्स वर्षाला सुमारे ०.२५ टक्के वाढताना आणि पारदर्शक वारंवारतांना सुमारे ०.१५ टक्के घटताना दिसला. वाढ का, तर पृष्ठभाग मोठा होतोय. घट मुख्यतः तारा तापत चालल्यामुळे, आयनीकरण करणाऱ्या फोटॉनांची संख्या कमी होतेय. हा तेजोमेघ जेमतेम सहा-सातशे वर्षांचा, म्हणजे यातला वेगवान गडी. तिथेही पाच वर्षांत सव्वा टक्का. तुमच्या फ्लक्समधली चूकच १० टक्क्यांची. एकट्या १० टक्क्यांशी बरोबरी करायलाच ४० वर्षं.

सीआरएल ६१८ हा अपवाद म्हणावा लागेल. तिथला आयनीभूत भाग डोळ्यांदेखत वाढतोय. जुन्या-नव्या व्हीएलए प्रतिमांतल्या आकारांवरून आयनीकरण १९७१ च्या आसपास सुरू झालं असा हिशेब निघतो. पण तो अजून तेजोमेघ होण्याच्या उंबरठ्यावरचा आहे, तुमचा त्या वर्गातला वाटत नाही.

प्रसरण मोजायचंच असेल तर फ्लक्स नको, आकार मोजा. २० किलोमीटर प्रति सेकंद आणि १ किलोपार्सेक असेल तर त्रिज्या वर्षाला ४.२ मिलीआर्कसेकंद वाढते. २ किलोपार्सेकला निम्मी. व्हीएलएची ए रचना (दुर्बिणी सर्वात दूर पसरलेल्या) ८-१० गिगाहर्ट्झला ०.२ आर्कसेकंदांचा बीम देते. दहा वर्षांत ४२ मिलीआर्कसेकंद म्हणजे बीमचा पाचवा हिस्सा, सिग्नल टू नॉइज चांगला असेल तर हे जमतं. दोन्ही वेळी तीच रचना, तीच वारंवारता, शक्यतो तेच अवर अँगल. दोन स्वतंत्र प्रतिमा वजा करू नका. पहिल्या वेळच्या मॉडेलवर दोन्ही डेटासेट सेल्फ-कॅलिब्रेट करून मग व्हिजिबिलिटी वजा करा. प्रसरण असेल तर फरकाच्या प्रतिमेत बाहेर धन आणि आत ऋण कडं दिसतं. एकाच बाजूला धन आणि समोर ऋण दिसलं तर ती स्थानाची चूक, प्रसरण नाही.

यावरून अंतर काढताना एक खाच आहे. रेडिओत सरकताना दिसते ती आयनीकरणाची कड, आणि ती वायूपेक्षा जलद पुढे जाऊ शकते. स्पेक्ट्रममधला वेग मात्र वायूचा. दोन्ही एकच धरले तर अंतर कमी येतं. आयसी ४१८ साठी व्हीएलएवरून १.३ किलोपार्सेक आलं, त्यावरची चूक ०.४ किलोपार्सेक आहे हे पाहून ठेवा. पद्धत चांगली आहे, स्वस्त नाही.

घनचक्कर

आणखी एक, कारण प्रपोजलमध्ये लोक हे हमखास लिहितात. तरुण तेजोमेघात ओएच मेसर (हायड्रॉक्सिल रेणूंचं लेसरसारखं रेडिओ उत्सर्जन) शोधायचा मोह होतो: १६१२, १६६५, १६६७, १७२० मेगाहर्ट्झ. यूजीएमआरटीचा बँड ५ साधारण १४५० मेगाहर्ट्झला संपतो. हायड्रोजनची १४२० ची रेषा मिळेल, ओएच नाही. त्यासाठी व्हीएलएचा एल बँड किंवा दक्षिणेतल्या स्रोतांना दक्षिण आफ्रिकेतलं मीरकॅट. पाण्याचा मेसर २२ गिगाहर्ट्झला, तिथे तर आपला प्रश्नच येत नाही. के ३-३५ या तेजोमेघात तो सापडला आहे, तेव्हा तुमच्या स्रोताची व्हीएलए आर्काइव्हमध्ये चौकशी करायला हरकत नाही.

आणि दुरुस्त आकड्यांनंतरही इंडेक्स ऋण निघाला, उणे ०.१ पेक्षा बराच खाली, तर तो सिंक्रोट्रॉन (चुंबकीय क्षेत्रातल्या अतिवेगवान इलेक्ट्रॉनांचं उत्सर्जन) असू शकतो. आयआरएएस १५१०३−५७५४ हे त्याचं उदाहरण, पण डेक्लिनेशनमुळे ते खोडदहून दिसतच नाही. तुमच्या आकड्यांत तसलं काही नाही. गुणक लावलेला तक्ता आणि कच्चा तक्ता दोन्ही प्रपोजलला जोडा, आणि प्रत्येक बँडच्या गुणकाची चूक फ्लक्सच्या चुकीत मिळवा (दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ). बँड ३ ला एकूण १५ टक्के धरलेत तरी तापमान ९००० च्या आसपास टिकतं.